जान्या डोसा तीनदा मेला

माझ्या पणजोबाचं मरण तुम्ही हरवलंत! होय साहेब, तुम्हालाच म्हणतोय. पंख्याखाली बसून कान कोरणाऱ्या तुम्हाला! तुमचं नाव मला ठाऊक आहे. टेबलावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. पण ते मी इथे लिहीत नाही. मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. माझी बायको कविता घाबरते, आणि मी कविताला घाबरतो.

आता मंडळी, तुम्ही म्हणाल, म्हैस हरवते, छत्री हरवते, मरण कसं हरवेल? तेच सांगतो.

आधी माझी ओळख. मी मुकेश. तलासरीच्या बाजारात टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. शाळा सातवीत सुटली. पुढचं मराठी मी सरकारी नोटिसा वाचून शिकलो, त्यामुळे माझ्या भाषेत राग आपोआपच येतो. माझ्या अर्जाने मेलेला हातपंप जिवंत झालाय. एक साहेब तर माझा अर्ज अर्धा वाचून स्वतः उठून पाणी प्यायला होता. स्वतः उठून! त्यामुळे रूपी आत्याने जेव्हा विचारलं, "पोऱ्या, डोसा कशानं गेला त्याचा सरकारी कागद मिळेल काय?" तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "आत्या, हळदीच्या आधी कागद तुझ्या हातात! नाही दिला तर माझं नाव मुकेश नाही!"

डोसा म्हणजे म्हातारा. आमच्याकडे मेलेल्या म्हाताऱ्यालाही डोसाच म्हणतात. हा डोसा म्हणजे आत्याचा आजा, माझा पणजोबा, जान्या.

त्याची गरज एकदम कशी पडली? माझी धाकटी बहीण दक्षा. तिचं लग्न दोनदा ठरून मोडलं. पहिला नवरा साखरपुड्याला येतो सांगून सुरतेला गेला तो गेलाच. दुसऱ्याच्या आईला आमच्या अंगणात पाय ठेवताक्षणी गांधीलमाशी चावली. बाई सुजलेलं नाक धरून आल्या पावली परत! आता तिसऱ्यांदा ठरलं, चारोटीकडच्या मिथुनशी. हायवेवर टायरचं दुकान, पोरगा सरळ, दक्षाला आवडलेला. ती मला म्हणाली, "दादा, या वेळी मोडलं तर मी वरातीच्याच टेम्पोत बसून निघून जाईन. कंपनी पुन्हा सुट्टी देणार नाही."

मोडायला फार काही लागणारही नव्हतं. कारण मिथुनचा बाप, लडक्या पाटील, गावचा पोलीस पाटील. म्हणजे पायजमा घातलेला कायदा! मुलगी बघायला आला तर आधी आमच्या बैलगाडीला मागे लाल काच आहे का ते बघितलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुकेशभाऊ, मी सरकारचा माणूस. मांडवात ताडीचा थेंब दिसला तर वरात उलटी फिरेल. नियम म्हणजे नियम!"

ताडीशिवाय आमच्याकडे देवसुद्धा डोळे उघडत नाही. तरी आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवायला काय जातं?

पण दोन लग्नं का मोडली ते बघायला हवं होतं. म्हणून धाकल्या भगताला बोलावलं. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटाने सारले, आणि मान वर न करता म्हणाला, "पोरीत दोष नाय. तुमचा एक डोसा बाहेर उभा हाय. घरात पूजा व्हते, लग्न व्हतात, त्याला कुणी आत बोलवत नाय. म्हणून तो पाव्हण्यांना हाकलतो."

"कोण डोसा?"

"जान्या. त्याला बसवला नाय तुम्ही."

आमच्याकडे रीत अशी. माणूस खाटेवर म्हातारा होऊन मेला तर प्रश्न नाही. पण अपघाताने गेला तर त्याला लाकडाच्या फळीवर कोरायचा, आणि शेजारी ज्याने नेलं ते कोरायचं. वाघाने नेला तर वाघ, झाडावरून पडला तर झाड. मग फळी गावदेवाच्या शेजारी बसवायची, नारळ फोडायचा, की माणूस घरच्यांत आला. चुकीचं कोरलं तर तो बसत नाही. दुसऱ्याच्या मरणावर कोण बसेल?

आणि आमच्या घराण्यात नेमकं इथेच अडलं होतं. भगताने विचारलं, "गेला कशानं?" आणि घरात पानिपत सुरू झालं!

रूपी आत्या म्हणाली, "ताडावरून पडला. माझ्या बापानं सांगितलं मला."

तुळशी काकी म्हणाली, "काहीतरीच बाय! वाघानं नेला त्याला. तुझा भाऊच सांगायचा मला."

"माझ्या भावाला चार घोट गेले की तो सगळ्यांनाच वाघाला द्यायचा!"

"आणि तुझा बाप काय शुद्धीत सांगायचा?"

भगत म्हणाला, "गावात तर वेगळंच बोलतात. तांदूळ घेऊन धाकटी डहाणूला गेलता, सुक्या बोंबलावर बदलायला. खाडीत बुडाला. परत नाय आला."

"आणि बोंबील?" काकीने विचारलं.

"ते पण नाय आले."

फळी कोरणारा तुक्या अंगणातच बसला होता. त्याने सागाच्या फळीवर माणूस काढून ठेवला होता आणि बाजूला जागा सोडली होती. म्हणाला, "वाघ काढू, ताड काढू, का पाणी काढू? पाणी असेल तर आत्ताच सांगा. पाणी कोरताना जीव जातो माझा."

म्हणून कागद हवा होता. मंडळी, माझं म्हणणं साधं होतं. माणूस अपघाताने मेला म्हणजे कोणीतरी साहेब आला असणार, पंचनामा झाला असणार, कुठेतरी लिहिलं असणार. मी निघालो.

पहिल्या कचेरीत विचारलं, "कधी वारले?"

"नागलीवर टोळ आले होते त्या साली."

"साल आकड्यात सांगा."

"आकडा माहीत नाही साहेब. इंग्रज होते तेव्हा."

"ते काय साक्षीदार होते का?"

मला वाटलं साहेब विनोद करतोय. तो लिहून घेत होता!

तिथून सांगितलं, तेव्हा तलासरी तालुकाच नव्हता, डहाणूला जा. डहाणूला सांगितलं, तुमचं गाव आता तलासरीत, तलासरीला जा. तिसऱ्याने सांगितलं, जुनी दप्तरं उंबरगावला गेली असतील, आणि उंबरगाव गेलं गुजरातेत. म्हणजे माझा पणजोबा मेल्यानंतर राज्य बदलून गेला! मी गेलो उंबरगावला. तिथला माणूस गोड बोलला, खुर्ची दिली, चहा पाजला, आणि म्हणाला, "कागळ तो मळशे भाई, पण पहेलां कहो, केवी रीते मरी गया?"

कसे मेले! शेवटी सगळीकडचं उत्तर तेच. वाघाने मारलं असेल तर जंगलवाल्यांकडे. ताडी काढताना पडला असेल तर दारूबंदीवाल्यांकडे. पाण्यात गेला असेल तर बुडालेली माणसं काढणाऱ्यांकडे. "कारण सांगा, मग कागद कुठे आहे ते सांगतो."

शेवटच्या कचेरीत मी टेबलावर हात आपटला. "साहेब, तो कशाने मेला हेच शोधायला आलोय!"

साहेब शांतपणे म्हणाला, "मग शोधून झालं की या."

त्या दिवशी एस.टी.त बसून मी इतका रागावलो, इतका रागावलो, की शेजारच्या बाईने आपली कोंबडी माझ्यापासून लांब सरकवली. आणि त्या रागातच मला ती कल्पना सुचली. मंडळी, तुम्हाला सांगतो, रागात सुचलेली कल्पना फार चकचकीत असते! तिघांनाही अर्ज करायचा. जंगलवाल्यांना लिहायचं, वाघाने मारला. दारूबंदीवाल्यांना लिहायचं, ताडी काढताना पडला. पाण्यावाल्यांना लिहायचं, खाडीत बुडाला. ज्याच्याकडे कागद निघेल तो खरा!

कविता म्हणाली, "एकाच माणसाला तीनदा मारताय. गोंधळ होईल."

"तुला सरकारी काम कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी पुन्हा आयुष्यात उच्चारणार नाही.

आता अर्ज कागदावर घेत नाहीत, कम्प्युटरवर भरावा लागतो. म्हणून मनिषच्या दुकानात गेलो. मनिष झेरॉक्स काढतो, फॉर्म भरतो, मोबाईलला काच लावतो, तिन्ही एकाच वेळी. मी सांगत गेलो, तो टपाटप मारत गेला. नाव जान्या, गाव, पाडा, कारण वाघ. तेवढ्यात थांबला.

"दादा, मृत्यूची तारीख?"

"माहीत नाही. रिकामी सोड."

"रिकामी सोडली तर पुढे जात नाही."

"मग टाक जुनी कुठलीतरी. इंग्रजांच्या काळातली."

"एवढं मागे जातच नाही दादा हे. चिडतं, लाल होतं."

"माझ्यापेक्षा जास्त चिडतं का? काहीतरी कर, पण पुढे ढकल!"

मनिषने काहीतरी केलं. पुढे गेलं. तिन्ही गेले. मी त्याला चहा पाजला. पोरगा गुणी, डोक्यात काच आहे हे मला नंतर कळलं. त्याने तिन्ही अर्जांत त्याच दिवसाची तारीख टाकली होती!

म्हणजे सरकारच्या हिशेबाने आमच्या पाड्यातला जान्या नावाचा इसम एकाच दिवशी वाघाच्या तोंडी गेला, ताडावरून पडला आणि खाडीत बुडाला. एवढं काम एका दिवसात माझ्या घराण्यात कोणी कधी केलेलं नाही!

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी रोज पोस्टमनची वाट बघत होतो. पोस्टमन आला नाही. हळदीचा दिवस आला. हळद आणि लग्न एकाच दिवशी ठेवलं होतं.

मांडव उभा होता. बायका चुलीशी होत्या. ताडीची मडकी ओसरीत झाकून ठेवली होती, लडक्या पाटलाच्या नजरेला पडू नयेत म्हणून वर गोधडी. तुक्या फळी घेऊन मांडवाच्या कडेला बसला होता आणि दर थोड्या वेळाने विचारत होता, "आलं का कागद?" तेवढ्यात धुरळा उडवत एक टेम्पो आला. आम्हाला वाटलं वरात लवकर आली. सनईवाल्याने सुरुवातसुद्धा केली!

टेम्पोतून उतरले जंगलवाले, आणि त्यांच्या मागे उतरला खोलीएवढा लोखंडी पिंजरा. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात बकरी.

"जान्या कुठे राहायचा? बॉडी कुठे आहे?"

"कोणाची बॉडी?"

"वाघाने मारलेल्याची! म्हणजे बिबट्याच असणार, इथे वाघ नाहीत. तुम्ही घाबरून वाघ लिहिलंत."

"साहेब, तो माझा पणजोबा! इंग्रजांच्या काळात मेला!"

साहेबाने मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. "इथे तर याच महिन्यात मेलाय."

मी सगळं समजावून सांगितलं. साहेब माणूस भला होता. म्हणाला, "मला पटलं हो, पण मोबाईलला पटलं पाहिजे ना! पिंजरा लावल्याचा फोटो टाकल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. कुठे लावू?"

"अहो, घरात लग्न आहे!"

"मग मांडवाला लागूनच लावतो, सावली मिळेल बकरीला."

त्यांनी पिंजरा लावला, वर आंब्याचे डहाळे टाकले, दार वर ओढून खटका अडकवला. एक वनरक्षक मला समजावत होता, "आत कोणी खटक्याच्या फळीवर पाय दिला की दार धाडकन पडतं आणि आपोआप कुलूप बसतं. किल्ली माझ्याकडे असते. प्राणी सापडला तर फोन करा." फोटो काढला, बकरीला पाला घातला आणि गेले. आंब्याच्या डहाळ्यांनी पिंजरा इतका शोभिवंत दिसत होता की पाहुण्यांतल्या एका म्हातारीने त्याला हळद-कुंकू वाहिलं.

मी कपाळ पुसतोय तोवर जीप आली. दारूबंदीवाले!

"कोणत्या ताडावरून पडला?"

मी बोट दाखवणार कुठे? आत्याने ठामपणे समोरच्या ताडाकडे बोट केलं. तिला आनंद झाला होता. तिचं म्हणणं ऐकायला साक्षात जीप आली होती! "हाच! नाय, याचा बाप. तो मोडला."

"मयताकडे ताडी काढायचा परवाना होता का?"

"इंग्रजांना विचारा," मी म्हणालो.

साहेबाला ते आवडलं नाही. तो ओसरीकडे बघू लागला. नाक वर करून बघू लागला! ताडी अशी गोष्ट आहे की गोधडी डोळ्यांवर घालता येते, नाकावर नाही. ही मडकी सापडली, लडक्या पाटलाला कळलं, की झालं. तिसरं लग्नही गेलं!

पण आमच्या बायका! मी साहेबाला ताडाभोवती फिरवून आणेपर्यंत कविता, काकी आणि साऱ्या जणींनी मडकी उचलली आणि नेऊन ठेवली, कुठे? पिंजऱ्यात! काकी सडपातळ, ती खटक्याच्या फळीला वळसा घालून सळ्यांना चिकटत आत गेली, मडकी ओळीने मांडली आणि तशीच बाहेर आली. वरून डहाळे.

साहेबाने घर पालथं घातलं. शेवटी नाकाच्या मागे मागे पिंजऱ्यापाशी आला.

"यात काय आहे?"

"बिबट्यासाठी आहे," कविता म्हणाली. "जंगलवाल्यांचं. आम्ही हात लावत नाही."

साहेब दुसऱ्या खात्याच्या पिंजऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग बकरीकडे बघितलं. बकरीनेही त्याच्याकडे बघितलं. "दुसऱ्या खात्याची मालमत्ता," असं पुटपुटून तो जीपमध्ये बसला. मंडळी, सरकारला सरकारच अडवू शकतं, हे मी त्या दिवशी शिकलो!

जीप वळली आणि वरात आली. मिथुन फुलांनी झाकलेला, त्याची आई जिवली नऊवारीत, आणि पुढे लडक्या पाटील, कडक इस्त्रीत. मी हात जोडले. "या पाटील! बघा, मांडवात थेंब नाही!"

"शाब्बास!" तो म्हणाला. पण आवाजात शाब्बासकी नव्हती. ऊन काय पडलं होतं! चारोटीपासून टेम्पोच्या पत्र्यावर बसून आलेला माणूस. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. चौफेर बघितलं. "अगदीच नाही?"

"नियम म्हणजे नियम, पाटील!"

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि खाली बसला. थोड्या वेळाने उठला. काकीपाशी गेला, काहीतरी कुजबुजला. काकीला वाटलं, व्याही आपला, त्याला काय लपवायचं? तिने डोळ्याने पिंजऱ्याकडे दाखवलं.

मी दक्षाला पाट मांडून देत होतो. एकदम धाड्! असा आवाज आला. सनई थांबली. बकरी ओरडली. आणि डहाळ्यांमागून आवाज आला, "अहो, कोणी आहे का?"

सगळा मांडव धावला. पिंजऱ्यात लडक्या पाटील, हातात करवंटी, मिशीला फेस! दार पडलेलं, कुलूप बसलेलं.

"पाटील, तुम्ही आत कसे?"

पाटलाने मिशी पुसली. मग ताठ झाला. "पंचनाम्यासाठी आलो. इथे अवैध ताडी आढळली आहे."

"हातात काय आहे?"

"नमुना."

मिथुन म्हणाला, "बाबा, किती नमुने घेतलेत?"

पोरं हसायला लागली. मी कुऱ्हाड आणायला सांगितली, तर आतून डरकाळी! "खबरदार! सरकारी पिंजरा आहे. एक सळी वाकली तरी मी स्वतः रिपोर्ट करीन! वनरक्षकाला बोलवा." वनरक्षकाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. आमच्या डोंगराच्या पलीकडे सगळंच संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

त्याच वेळी, होय, त्याच वेळी, तिसरी गाडी आली. बुडालेली माणसं काढणारे! नारिंगी जाकिटं, दोर, आणि रबरी होडी. खाडी कुठे आणि आमचा डोंगर कुठे! वैशाखात आमच्या ओढ्यात पाली फिरतात.

"कुठे बुडाला?"

मी फक्त हात जोडले. त्यांचंही तेच. फोटो टाकल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. त्यांनी अंगणात होडी फुगवली. मोबाईल पाणी दाखवा म्हणत होता. शेवटी कविताने हळदीच्या अंघोळीचं घंगाळ आणून होडीसमोर ठेवलं. फोटो निघाला. तक्रार बंद! होडीत बसून दोघांनी जेवण केलं, पुऱ्यांची स्तुती केली आणि गेले.

ऊन कलायला लागलं होतं. हळद खोळंबली होती. जिवली, म्हणजे व्याहीण, पिंजऱ्याकडे पाठ करून उभी होती. सगळ्यांच्या मनात एकच. वराचा बाप पिंजऱ्यात, आणि जान्या अजून बाहेरच! दक्षा पाटावर बसून होती, आणि तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला पिंजऱ्यात जागा असती तर मीही गेलो असतो.

धाकल्या भगताने सुपात दाणे टाकले. सारले. पुन्हा टाकले. "वाघ नाय लागत. ताड नाय लागत. पाणी बी नाय लागत."

"मग काय?" मी ओरडलो. "काय काढायचं फळीवर?"

"ते आता नाय विचारायचं," तुक्या हळूच म्हणाला. "काढून झालं."

"काय काढलंस?"

त्याने फळी फिरवली. फळीवर जान्या उभा होता, आणि त्याच्या बाजूला, रिकाम्या जागेत, पिंजरा! सळ्या, डहाळे, मागे बकरीसुद्धा! "तुमचं काही ठरेना," तुक्या म्हणाला, "हात मोकळा राहीना. समोर होतं ते काढलं."

मी त्याला मारायलाच उठलो होतो. पण रूपी आत्या पुढे आली. तिने फळी मांडीवर घेतली. पदराने भुसा पुसला. आणि मग ती बोलली, हसत नव्हती, रागावली नव्हती.

"माझा आजा मेला तेव्हा कुणी आलं नाय. बाप सांगायचा, सांगावा धाडला, पण एक शिपाईसुद्धा डोंगर चढला नाय. आपलं मरण कोण लिहितो? आज बघ. तीन गाड्या आल्या. त्याचं नाव घेऊन आल्या. जान्या कुठं हाय, जान्या कुठं हाय, विचारत आल्या. होडी आणली त्याच्यासाठी. पिंजरा आणला." तिने पदर डोळ्याला लावला. "कशानं मेला ते जाऊ दे. सरकार त्याला शोधत आलं, हेच काढा. तो बसेल."

भगताने पुन्हा दाणे टाकले, बोट फिरवलं, आणि म्हणाला, "बसला."

आणि मंडळी, ताशा वाजला! फळी गावदेवाशेजारी बसली, नारळ फुटला. हळद लागली. दक्षाला लागली, मिथुनला लागली, आणि वराच्या बापाला सळ्यांमधून हात घालून काकीने अशी लावली की बकरीही पिवळी झाली. लग्न पार पडलं. दक्षाने सासऱ्यांना पिंजऱ्याबाहेरून वाकून नमस्कार केला, त्यांनी आतून करवंटी उंचावून आशीर्वाद दिला. लग्न मोडलं नाही! मोडणारा माणूस कुलपात असेल तर मोडणार कोण?

उद्या माझा पणतू ती फळी बघेल आणि म्हणेल, आमचा जान्या सर्कशीत मेला. म्हणू दे! निदान तो काहीतरी म्हणेल.

पण पंख्याखालचे जंगलवाले साहेब, हे सगळं तुम्हाला मजा म्हणून लिहिलेलं नाही. आज सकाळी वनरक्षक सापडला नाही म्हणून मी पुन्हा मनिषच्या दुकानात आलोय. तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं, पिंजऱ्यात काय सापडलं ते ऑनलाइन भरा, मगच किल्ली निघेल. मी भरायला बसलोय. तुमच्या यादीत चार प्राणी आहेत. बिबट्या, तरस, माकड, रानडुक्कर. माणूस नाही. 'इतर' नाही. रिकामं सोडलं तर लाल होतं. व्याहीण म्हणते, रानडुक्कर लिहा, पण घाई नाही. मिथुन म्हणतो, बिबट्या लिहा, बाबांना बरं वाटेल. मनिष म्हणतो, काहीतरी मारून पुढे ढकलतो, आणि मी त्याचे दोन्ही हात धरून बसलोय.

माझ्या पणजोबाच्या वेळी तुम्ही उत्तर दिलं नाहीत, ते सोडलं. आता हे सांगा. पोलीस पाटलाला मी कोणत्या प्राण्यात टाकू? उत्तर द्या साहेब, आणि आजच द्या! आतली मडकी संपत आलीत.